टॅटू घेऊन जपानला येणार असशील तर

अगं, आधी ती टॅटू पुसायच्या लेझरची अपॉइंटमेंट कॅन्सल कर, मग पुढचं वाच.

तू लिहिलंयस की टोकियोच्या आयटी कंपनीची ऑफर हातात आहे, सीओई (व्हिसाआधी लागणारं जपान सरकारचं पात्रतापत्र) यायचीय, डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वेलबुट्टी आणि मानेवर मागे फुलपाखरू आहे, आणि नाशिकमध्ये मावशीपासून ट्रॅव्हल एजंटपर्यंत सगळे सांगतायत की जपानमध्ये टॅटूवाल्याला गुंड समजतात, व्हिसा मिळत नाही, घर मिळत नाही. आई म्हणतेय काढूनच टाक, एवीतेवी लग्नाच्या वेळी प्रश्न येणारच. मी कोल्हापूरकडची, बरीच वर्षं इथे टोकियोतल्या निशिकासाई भागात राहते, नोकरी आयटीतच, आणि माझ्या दंडावर एक आणि घोट्यावर एक टॅटू आहे. तेव्हा ऐकीव नाही सांगत, अंगावरचं सांगतेय.

व्हिसाचं एका ओळीत संपवते. फॉर्मवर टॅटूचा प्रश्नच नाही. एअरपोर्टवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, बाही कोणी वर करायला लावत नाही. एजंटला म्हणावं उगाच घाबरवू नकोस.

आता गुंड समजतात का, तर हो आणि नाही. हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. इथे १७२० पासून गुन्हेगाराला शिक्षा म्हणून गोंदायला लागले, त्याआधी नाक-कान कापायचे त्याच्या जागी हे आलं. एदो म्हणजे जुन्या टोकियोत हातावर दोन काळे पट्टे गोंदायचे, म्हणजे बाही वर गेली की कळलं हा चोर. आणि त्याच शहरात आग विझवणारे, हमाल, मजूर हौसेने पाठभर ड्रॅगन, कोई मासा गोंदून घ्यायचे, म्हणजे तीच सुई एकाला बदनामी आणि दुसऱ्याला मर्दानगी. मग मेइजी सम्राटाचं नवं सरकार आलं, त्यांना वाटलं गोरे लोक आपल्याला रानटी म्हणतील, म्हणून १८७२ मध्ये बंदी घातली. गंमत बघ, बंदी चालू असतानाच इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, जो पुढे पंचम जॉर्ज झाला, तो १८८१ मध्ये जपानमध्ये हातावर ड्रॅगन काढून घेऊन गेला आणि १८९१ मध्ये रशियाचा युवराज निकोलसही काढून घेऊन गेला. ज्यांच्यासमोर लाज वाटत होती तेच रांग लावून बसले होते! ओकिनावातल्या बायकांच्या हातावरचं गोंदण आणि उत्तरेकडच्या आयनू आदिवासी बायकांच्या ओठाभोवतीचं गोंदण मात्र अशाच बंद्यांमध्ये पार मोडीत निघालं. बंदी उठली १९४८ मध्ये, पण तोवर टॅटू राहिला होता तो याकुझाच्या म्हणजे इथल्या गुंड टोळीवाल्यांच्या पाठीवर, आणि पुढे सिनेमांनी तो तिथेच पक्का केला.

याकुझा १९६० च्या दशकात १,८०,००० च्या वर होते, आता २०,००० पेक्षाही कमी उरलेत, त्यातले बरेच म्हातारे. पण पाट्या तशाच आहेत. गरम पाण्याच्या झऱ्यांवर म्हणजे ओनसेनवर, स्विमिंग पूलवर, जिमच्या करारात, 'इरेझुमी, तातू ओकोतोवारी', टॅटूवाल्यांना प्रवेश नाही. या पाट्या गुंडांना 'तू गुंड आहेस, बाहेर हो' असं तोंडावर सांगता येत नाही म्हणून लावलेल्या, टॅटूचं नाव पुढे केलं की भांडण नाही. त्यात तू, मी, न्यूझीलंडचा रग्बीवाला आणि फ्रान्सची आजी सगळे आपोआप अडकतो. २०१३ मध्ये होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी आदिवासी बाईला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे सार्वजनिक बाथमध्ये घेतलं नाही, आणि ती आलेली कशाला तर आदिवासी भाषांच्या परिषदेला. माझं स्पष्ट मत, हा नियम अन्यायाचा आणि आळशी आहे. पण तो तुझा अपमान करायला लिहिलेला नाही हेही खरं, काउंटरवरच्या पोरीला तुझ्याबद्दल काडीचंही मत नसतं.

मला आमच्या भागातल्या एका जिममधलं आठवतं. ट्रायलला गेले, रिसेप्शनवरची मुलगी फॉर्म माझ्याकडे फिरवून एकेका ओळीवर पेन टेकवत वाचत होती, टॅटूच्या ओळीवर पेन थांबलं, मी बाही वर करून दाखवलं. तिने दातांतून 'स्स्स' करून हवा आत ओढली (हा आवाज तू इथे रोज ऐकशील, अर्थ 'अवघड आहे' म्हणजे 'नाही'), आत मॅनेजरला विचारून आली, आणि इतकी वाकली, इतक्यांदा माफी मागितली की मलाच तिची समजूत काढावी लागली. शेवटी ठरलं काय तर पूर्ण बाहीचा टीशर्ट घालायचा आणि लॉकर रूममध्येही झाकूनच कपडे बदलायचे. चाललं की मग, जाते अजून तिथे.

आता ऑफिस, तुला खरी काळजी त्याचीच असणार. परदेशी कंपनी किंवा स्टार्टअप असेल तर कोणी बघणार नाही. जपानी कंपनी असेल आणि ती तुला क्लायंटच्या ऑफिसात बसवणार असेल, विशेषतः बँक किंवा इन्शुरन्सवाल्यांकडे, तर झाकायचंच असं धरून चाल. सरकारी नोकरीत तर अजून कडक, मे २०१२ मध्ये ओसाकाच्या महापौरांनी, तोरू हाशिमोतो त्यांचं नाव, महापालिकेच्या ३०,००० च्या वर कर्मचाऱ्यांना लेखी विचारलं होतं की अंगावर टॅटू आहे का, असेल तर कुठे. शंभरावर लोकांनी हो लिहिलं, आणि उत्तरच न देणाऱ्यांवर कारवाई झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. तू काही महापालिकेत लागणार नाहीयेस, पण ज्या समाजात असा फॉर्म वाटता येतो तिथल्या पन्नाशीच्या मॅनेजरच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आणि एक, परदेशी माणसाला सूट मिळते. बॉक्सिंगमध्येच बघ ना, इथल्या कमिशनचा नियम आहे की जपानी बॉक्सरचा टॅटू दिसता कामा नये, परदेशी बॉक्सरला चालतो. ३१ डिसेंबर २०२० च्या मॅचमध्ये काझुतो इओकाने टॅटूवर मेकअप थापला होता, घामाने तो निघाला, टॅटू टीव्हीवर दिसला आणि जिंकलेल्या चॅम्पियनला वर ताकीद मिळाली. तुझ्या हातावरची वेल बघून बहुतेक जपानी माणूस मनात म्हणेल 'गाइजिन म्हणजे परदेशी आहे, त्यांच्याकडे असतं' आणि विषय संपला. जपानी मुलीला ही सूट नाही. तिच्या अंगावर टॅटू दिसला की ही रात्रीच्या धंद्यातली का, हा विचार पटकन येतो. माझ्या टीममधली एक मुलगी कंबरेजवळच्या चिमुकल्या टॅटूमुळे ऑफिसच्या सहलीला ओनसेनला यायचं दरवेळी टाळते, कारण पाळी आलीय सांगते.

तोंडावर मात्र तुला कोणी काही म्हणणार नाही, आणि आपल्याकडच्यांना जड जातं ते हेच. नाशिकला निदान शेजारच्या काकू विचारतात तरी, 'हे काय गं बाई काढून ठेवलंस?' मग तुला उत्तर देता येतं, भांडता येतं. इथे ट्रेनमध्ये शेजारची सीट रिकामी राहील (ती टॅटू नसला तरी राहते, म्हणून लगेच हाताकडे बघत बसू नकोस), मीटिंगमध्ये नजर एकदा मनगटावर जाऊन परत येईल, बस. माझ्या बॉसने कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मग एका नोमिकाईत म्हणजे ऑफिसच्या दारूपार्टीत दोन बिअर पोटात गेल्यावर खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, 'इताकात्ता?' म्हणजे दुखलं का. मग स्वतःच सांगितलं की त्यांचे आजोबा सुतार होते आणि त्यांच्या पाठीवर वाघ होता, आणि लहानपणी घरी कोणी मित्र आला की आजोबा भर उन्हाळ्यात शर्ट घालून बसायचे.

घराचं. इथे घरमालक नाही म्हणतात ते परदेशी म्हणून, टॅटूपर्यंत गाडी जातच नाही. करारावर एक कलम असेल की माझा 'हानशा'शी म्हणजे गुंड टोळ्यांशी संबंध नाही, बँकेचं खातं उघडतानाही हाच टिकमार्क असतो. बघून दचकू नकोस, ते सगळ्यांनाच असतं, टोळ्यांना घर, खातं, हॉटेल काही मिळू नये म्हणून २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांनी नियम केले त्यातून आलंय. बिनधास्त सही कर. कटकट नको असेल तर यूआर या निमसरकारी संस्थेची भाड्याची घरं बघ, जामीनदार लागत नाही, आपली पुष्कळ माणसं तिथेच राहतात.

आता अंघोळीचं सांगते, कारण ओनसेन सोडून जपानमध्ये राहणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा न चाखणं. सगळीकडे बंदी नाही. २०१५ मध्ये इथल्या टुरिझम एजन्सीने विचारलं तेव्हा साधारण ५६ टक्के हॉटेल-ओनसेनवाले नाही म्हणाले, ३१ टक्के सरळ हो आणि १३ टक्के झाकलं तर चालेल. किनोसाकीची सातही सार्वजनिक स्नानगृहं टॅटूवाल्यांना घेतात, मात्सुयामाचं दोगो ओनसेनही घेतं. नाहीतर 'काशिकिरी' म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी खाजगी बाथ घे, मैत्रिणी मिळून गेलीस तर महाग पडत नाही. आणि गल्लीतली साधी सेंतो म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, टोकियोत ५५० येन, तिथे बहुतेक ठिकाणी चालतं, कारण ती मुळात घरात बाथरूम नसलेल्यांसाठी होती, कोणाला नाही म्हणणार.

अशाच एका सेंतोत बायकांच्या बाजूला मी एक म्हातारी बघितली, सत्तरीची तरी असेल, मानेपासून मांडीपर्यंत बोतानची (पिओनीची) मोठी मोठी फुलं गोंदलेली, शाई निळसर होऊन कातडीबरोबर सुरकुतलेली, आणि बाई निवांत स्टुलावर बसून टाचा घासतेय. एक छोटी मुलगी टक लावून बघत होती, तिच्या आईने तिची मान धरून नळाकडे वळवली. म्हातारीने माझ्या दंडाकडे बघितलं, ओल्या बोटाने टॅटूवर टकटक केलं, विचारलं कुठली, म्हटलं इंदो (भारत), तर म्हणाली पाणी फार गरम आहे, आधी नुसते पाय सोड. एवढंच संभाषण. ती कोण होती, कुठल्या टोळीवाल्याची बायको होती की कोपऱ्यावर भाजी विकायची, मी विचारलं नाही.

समुद्रावरही लक्ष ठेव, टोकियोजवळच्या झुशी बीचवर २०१४ पासून टॅटू उघडा टाकायला बंदी आहे, रॅशगार्ड घातला की प्रश्न नाही.

आता आपल्या माणसांचं सांगते, रागावू नकोस. माझ्या टॅटूवर सर्वांत जास्त कॉमेंट कोणी केल्या असतील तर इथल्याच गणपतीत भेटलेल्या काकवांनी. 'नवऱ्याला चालतं का', 'बाळाला दूध पाजताना शाई उतरत नाही ना' इथपर्यंत. आणि यांच्या स्वतःच्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवे ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन. माझी आजी म्हणायची, मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. ते संस्कार, आणि मशीनने काढलं की थेर. एका काकूंना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, ते वेगळं गं. कसं वेगळं ते काही सांगितलं नाही. तेव्हा आईला सांग, जपान्यांसाठी टॅटू काढून टाकायची गरज नाही, आणि लग्नासाठी काढून टाकायचा की नाही हा तुमच्या दोघींचा विषय, त्यात जपानला ओढू नका. लेझरला कितीतरी सिटिंग लागतात, आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहायची भीती असते, आणि घाईत अर्धवट काढलेला टॅटू पूर्ण टॅटूपेक्षा जास्त दिसतो.

येताना आण काय, तर पातळ सुती किंवा लिननचे पूर्ण बाहीचे शर्ट भरपूर, कारण टोकियोचा जुलै-ऑगस्ट म्हणजे मुंबईचा मे आणि त्यात ऑफिसला झाकून जायचंय. इथे उन्हासाठी हातमोज्यासारखे आर्म कव्हर सगळ्या बायका घालतात, ते इथे घे, कोणाला संशयही येत नाही. टॅटूवर चिकटवायचे कातडीच्या रंगाचे स्टिकर मिळतात पण ते जपानी गोऱ्या रंगाचे असतात, आपल्या हातावर लावले की भिंतीला मारलेल्या पुट्टीसारखे दिसतात, तुझ्या रंगाची फाउंडेशन टेप भारतातच शोध. लावायच्या आधी हात कोरडा कर, तेल-मॉइश्चरायझर नको, कडा गोल काप, चौकोनी कोपरे गरम पाण्यात आधी सुटतात. मानेवरचं फुलपाखरू केस मोकळे सोडले की झाकतं. आणि कधी एमआरआय काढायची वेळ आली तर फॉर्मवर टॅटूचा प्रश्न असतो, तिथे खरं लिही, काही शायांत लोहाचे कण असतात आणि त्या मशीनमध्ये गरम होऊ शकतात, त्यात गुंडगिरीचा संबंध नाही.

नवीन टॅटू काढायचा विचार असेल तर इथे आल्यावर काढ. आधी इथे डॉक्टरचं लायसन्स नसताना सुई मारली म्हणून टॅटू आर्टिस्टवर केस व्हायच्या, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा वैद्यकीय धंदा नाही, तेव्हापासून ते मोकळे झालेत, आणि हात काय आहे एकेकाचा!

एचआरला मात्र आत्ताच मेल टाक, टॅटूचं नाव न काढता, मी तुमच्याच ऑफिसात बसणार की क्लायंटकडे, ड्रेसकोड काय, एवढंच विचार. उत्तर आलं की कळव, बँक निघाली तर शर्ट वाढवू.