फिजिओथेरपिस्ट नुसते पाहून मुलाच्या हालचालींना गुण देतात. त्यांवर किती विसंबावे?

तयार नजरेवर विसंबावे, पण एकट्या नजरेवर नव्हे. मी यवतमाळ जिल्ह्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करतो आणि याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे कायमचे बिनसले आहे.

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडणे) असलेला एक मुलगा सारवलेल्या अंगणात बऱ्यापैकी चालत असे. तपासणी शिबिरात मात्र गुळगुळीत फरशीवर, अनोळखी माणसांच्या गर्दीत, तो गुडघ्याला गुडघा घासत चालला. ज्येष्ठांनी चार पावले पाहून ‘सुधारणा नाही’ असा शेरा मारला. ‘घरी तं बराबर चालते जी, इथंच काऊन अडखयते?’ असे आई विचारत राहिली. मी घरचे चित्रण दाखवू लागलो, तेव्हा ‘माझा डोळा पुरेसा आहे’ असे उत्तर मिळाले.

त्या डोळ्याची परीक्षा कोणी घेतली होती? एकच चित्रण दोघांनी परस्परांचे गुण न पाहता तपासावे, काही काळाने त्यांनीच पुन्हा तपासावे आणि जुळणी मोजावी, ही साधी रीत आहे. कप्पा नावाच्या मापात १ म्हणजे पूर्ण जुळणी, तर ० म्हणजे निव्वळ योगायोगाइतकी. एरवी ते गुण नसतात, मत असते.

शिवाय ‘जीएमएफएम-८८’ या मुलांच्या हालचालींच्या चाचणीतील ८८ कृतींना ० ते ३ गुण देताना मूल किती करते हे कळते, कसे करते हे फारसे कळत नाही. त्यासाठी ‘क्वालिटी एफएम’ या दुसऱ्या चाचणीत उभे राहण्याच्या व चालण्याच्या कृतींचे चित्रण पाहून शरीराची ठेवण, स्थैर्य, समन्वय, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि अवयवांची एकमेकांपासून स्वतंत्र हालचाल तपासतात. यात बेरीज जुळली म्हणून हुरळू नये, कारण एकाने इथे जास्त आणि तिथे कमी दिलेले गुण बेरजेत लपतात. दोन तपासनीसांत एरवीच पाच गुणांचा फरक पडत असेल, तर तीन गुणांची वाढ ही प्रगती म्हणता येत नाही.

अर्थात, तीन ते पाच महिन्यांच्या बाळांच्या उत्स्फूर्त हालचाली पाहण्याची, मेंदूच्या वाढीचे अभ्यासक प्रेख्टल यांची पद्धत नजरेवरच चालते आणि सेरेब्रल पाल्सीची शंका लवकर येण्यासाठी ती अतिशय भरवशाची मानली जाते. मात्र तिथेही चित्रण आणि रीतसर प्रशिक्षण लागतेच.

तुम्ही घरी, त्याच जागी, अनवाणी, समोरून व बाजूने मुलाचे चित्रण करून ठेवा आणि ते पाहायला नकार देणारा फिजिओथेरपिस्ट, कितीही नावाजलेला असला तरी, बदला.