टाकी एकच, आंघोळही तिच्यावर आणि ऊबही

भावा, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचा घरमालक म्हणतो, 'फर्नेस (घरासाठी हवा तापवणारं यंत्र) नाही, गरम पाण्याच्या टाकीवरच घर तापतं', आणि निपाणीहून निघायच्या आधी हो म्हणावं का, असं तू विचारतोस. मी खानापूरचा, अशाच घरात राहतो. घ्यायला हरकत नाही, पण टाकीची चौकशी केल्याशिवाय नको.

ओंटारियोत बऱ्याच टाउनहाउसांत हे असतं. गॅसवर तापणाऱ्या टाकीतलं, नळाला जाणारं तेच पाणी पंपाने कॉइलमधून, म्हणजे नळीच्या वेटोळ्यातून, फिरवतात, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती खोल्यांत येते. वेगळी फर्नेस नाही, म्हणून पैसे वाचतात. बिल्डरचे, तुझे नव्हेत.

अडचण सकाळची. हिवाळ्यात नळाला येणारं पाणी 5 अंशांच्या आसपास असतं. मिनिटाला 8 लिटरचा शॉवर 40 अंशांवर चालवायचा तर जवळजवळ 20 किलोवॉट लागतात. साध्या घरगुती टाकीचा बर्नर बहुधा तासाला 40,000 बीटीयूचा, म्हणजे 12 किलोवॉटच्या आतला. बाकीचं साठ्यातून जातं. लागोपाठ दोघांनी आंघोळ केली की साठा उतरतो, घराचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट नेमकी तेव्हाच ऊब मागतो, आणि बाहेर उणे 15 असताना पंखा कोमट वारा मारतो. आपल्या बंबात नाही का, एकाने बादली काढून वर गार पाणी ओतलं की पुढच्याला थांबावं लागायचं? तसंच.

म्हणून रात्री थर्मोस्टॅट फार खाली आणू नको. दोन अंश ठीक. जास्त उतरवलास तर घर परत तापणं आणि सगळ्यांच्या आंघोळी एकाच वेळी येतात. आईला आणणार आहेस ना? त्यांची पहाटेची आंघोळ इतरांच्या आधी उरकते, म्हणून या घरात उलट सोयीचीच.

गॅस वाचवायला टाकीचं तापमान उतरवा, असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नको. साठवलेलं पाणी 60 अंशांवर असलं की न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जंतू वाढत नाहीत. नळाला चटका बसू नये म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो ते 49 पर्यंत आणतो. तो बसवलाय का, विचार. उन्हाळ्यात कॉइलमधलं पाणी महिनोन् महिने साचून राहतं, आणि तेच पुढे नळाला येतं. पंप अधूनमधून आपोआप चालतो का, हेही विचार.

टाकी इथे बऱ्याचदा भाड्याची असते. महिन्याचं ते भाडं आणि गॅसचं बिल कुणी भरायचं, करारात लिहून घे. 2006च्या भाडेकरू कायद्यात उष्णता आणि गरम पाणी दोन्ही अत्यावश्यक सेवा आहेत. टाकी बंद पडली की दोन्ही एकदमच जातात, म्हणून दुरुस्तीला कुणाला फोन करायचा तेही त्यातच असू दे. खोलीसाठी एक छोटा इलेक्ट्रिक हीटर मात्र आल्या आल्या घेऊन ठेव.

व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवायला सांग. तिच्यावरच्या पट्टीचा फोटो मला पाठव, बीटीयू आणि साल वाचून सांगतो.