मोबाइल कितव्या मिनिटाला?

‘घरचा अभ्यास सगळा बरोबर असतो, मग चाचणीत वीसपैकी सातच कसे?’ आठवी ते बारावीच्या मुलांचे पालक हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात. पाठोपाठ दुसरा असतोच: मोबाइलमुळे मुलाचं डोकं चालेनासं झालंय का? दहावीतल्या एका मुलाची हकिगत त्यासाठी देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आईने एक उपाय आधीच करून पाहिला होता. संध्याकाळी सात ते दहा मोबाइल कपाटात. मुलाने गाइडमधून उतरवायला सुरुवात केली. वही भरत राहिली, मार्क होते तिथेच राहिले.

मी त्याला बीजगणितातलं एक उदाहरण दिलं. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९. अंकांची अदलाबदल केली की मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी. तर मूळ संख्या कोणती? त्याने नेहमीसारखा मोबाइलने फोटो काढला आणि गणितं सोडवून देणाऱ्या ॲपने दिलेली रीत वाचली. उत्तर ३६.

‘समजलं?’

‘हो मॅडम, सोपंय.’

मोबाइल पालथा ठेवून कोरा कागद दिला. दशकस्थानचा अंक एक्स, एककस्थानचा वाय, इथवर ठीक. मग त्याने संख्या लिहिली ‘एक्सवाय’ आणि अडला.

‘छत्तीसमध्ये तीनची किंमत किती?’

‘तीस.’

‘मग तुझ्या संख्येत एक्सची?’

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. ‘दहा एक्स. म्हणजे संख्या दहा एक्स अधिक वाय... वाचताना वाटलं होतं, मला येतंय.’

दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना प्रत्येक ओळ पटते, कारण पुढची ओळ कोणती हे आपल्याला ठरवावं लागत नाही. काय मानायचं, कुठून सुरू करायचं, आलेलं उत्तर पटतं का, हे ठरवणं म्हणजेच विचार करणं, आणि तयार उत्तर नेमकं तेवढंच काम आपल्याकडून काढून घेतं. म्हणून ‘मोबाइल किती तास बघतो’ यापेक्षा ‘अडल्यावर कितव्या मिनिटाला उघडतो’ हे मी आधी विचारते. या मुलाचं उत्तर होतं, ‘लगेच.’

व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाची मांडणी मला इथे सगळ्यात उपयोगी वाटत आली आहे: मूल एकट्याने जिथवर जातं आणि आधाराने जिथवर पोचतं, त्या मधल्या टप्प्यात शिकणं घडतं. आधार आधीच मिळाला तर तो टप्पाच उरत नाही. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. चॅटबॉट हाताशी असताना त्यांची गणितं ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तराऐवजी फक्त इशारे देणारा चॅटबॉट वापरलेल्यांचं मात्र असं नुकसान जवळपास झालंच नाही.

आम्ही ठरवलं ते असं. उदाहरण दोनदा वाचायचं. कच्च्या वहीत ‘काय दिलंय’ आणि ‘काय विचारलंय’ हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि पेनाने प्रयत्न करायचा, चुकला तरी खोडायचा नाही. एकूण बारा मिनिटं. नंतरच मोबाइल, आणि तेव्हाही मागणी एवढीच: ‘माझी चूक कुठल्या ओळीत आहे ते सांग, उत्तर सांगू नकोस.’ तरीही पूर्ण रीत आलीच तर पहिल्या ओळीखालचा पडदा हाताने झाकायचा. मग मोबाइल दूर ठेवून कोऱ्या पानावर पहिल्यापासून सोडवायचं. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून पुन्हा एकदा. हे शेवटचं मुलं हमखास टाळतात, पण लक्षात राहणं बरंचसं यावरच अवलंबून असतं.

बिघडतं कुठे? मूल बारा मिनिटं नुसता प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवत बसतं. आई-बाबा शेजारी बसून ‘अरे, दहाने गूण ना’ म्हणतात, म्हणजे मोबाइलची जागा तेच घेतात. पालकांनी तपासायचं ते कच्च्या वहीचं पान. तिथे काटछाट नसेल तर विचारा, ‘हे कुठून आलं?’ आवाज न चढवता.

चौथ्या आठवड्यात तो वही घेऊन आला. वर्गात फळ्यावरून घाईत उतरवलेलं उदाहरण होतं: अंकांची बेरीज ११, अदलाबदलीनंतरचा फरक २७. बारा मिनिटांत समीकरणं मांडून झाली होती, मग त्याने फोटो काढला. ॲपने पायरीपायरीने नीटनेटकं सोडवून दशकस्थानचा अंक दिला चार पूर्णांक एक तृतीयांश. ‘मॅडम, अंक असा तुटका कसा असेल?’ मग त्याने स्वतःच शोधलं: त्याचा घाईतला ७ कॅमेऱ्याने १ वाचला होता, २७ चे २१ झाले होते. त्याने हाताने सोडवलं, ४७ आलं आणि ७४ वजा ४७ करून पडताळलं. पूर्वी त्याने तो अपूर्णांक तसाच वहीत उतरवला असता. मार्क वाढण्याआधी मुलात मी शोधते ते हेच, आणि ते त्याच्या तोंडून न विचारता आलं याचं समाधान मोठं आहे.

निबंधाला हीच शिस्त. आधी स्वतःचे पाच मुद्दे, मग यंत्राचे. त्यातले दोनच घ्यायचे आणि ते का घेतले हे समासात एका ओळीत लिहायचं. इतिहासाची माहिती असेल तर कोणी लिहिलंय, केव्हा आणि कशाच्या आधारावर, हे बघून दुसऱ्या ठिकाणी ताडून घ्यायचं.

मात्र मुलाला प्रश्नच अडखळत वाचावा लागत असेल, किंवा सातवीचे अपूर्णांक कच्चे असतील, तर बारा मिनिटं ही शिक्षा ठरेल. तिथे आधी पाया भरून घ्या. अडखळणं खूपच असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यातल्या मूळ अडचणीची, तपासणी करून घ्या.

सुरुवात एकाच विषयाने करा, आठवड्यातून तीन संध्याकाळी, दर वेळी दोन उदाहरणं. पहिल्या महिन्यात गृहपाठ रेंगाळेल, वहीत चुका दिसतील, शाळेतून शेराही येईल. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.