बाळ पहिल्यांदा चालतं तेव्हा आईबापांना एवढा आनंद का होतो?

तुम्ही लिहिलंय की ताईने भाच्याच्या चालण्याचा एकच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर चार वेळा टाकला, आणि सगळीच माणसं चालतात तर यात एवढं काय, ते तुम्हाला कळेना. लग्नाआधी मीही हेच म्हणालो असतो.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. हे सांगायचं कारण, तोल हा माझ्या पोटापाण्याचा विषय. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे, मग दांडी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? पाय फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे आणि ब्रेक लागणार हे तळपायांना आधी कळलं पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी परळला एका आजोबांच्या मांडीत जाऊन बसलो होतो. उठवत म्हणाले, "नवीन दिसताय."

तर आमची चिऊ. काळाचौकीला चाळीत आमची एक खोली. अकराव्या महिन्यात ती दिवाण धरून उभी राहिली, धरत धरत कपाटापर्यंत जायची आणि तिथे टर्मिनस. बारावा सरला, तेरावा सरत आला, तरी हात सोडायचं नाव नाही. शेजारच्या काकू रोज विचारणार, "अजून नाही सुटली? आमचा तर दहाव्यात पळायचा." (त्यांचा तो आता तिशीत आहे, तपासणार कोण?) हिला मात्र रात्र रात्र झोप लागेना. मग मी वाचून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं पाहून २००६ साली आकडे दिलेत, आपल्या दिल्लीतली मुलंही त्यात होती. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागतं ते ८.२ ते १७.६ महिन्यांच्या मधे कधीतरी. काकूंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "दिल्लीचं सांगू नका."

सासूबाई सावंतवाडीच्या. त्यांनी चितारआळीतून लाकडी पांगुळगाडा आणला, लाल-पिवळा, तीन चाकांचा. (प्लास्टिकचा बसवायचा वॉकर घेऊ नका म्हणून ताईला सांगा. पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने तर २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे.) पण आमच्या खोलीत चार पावलांवर भिंत. म्हणून गाडा गॅलरीत काढला. चाळीची गॅलरी म्हणजे चपला, बादल्या, वाळवणं, कुणाची तरी सायकल. चिऊचा गाडा खडखडत निघाला की दारादारातून हात बाहेर यायचे आणि चपला आत ओढल्या जायच्या. मला जिन्यातूनच कळायचं, स्वारी कुठवर आलीय ते.

त्या दिवशी पहिली पाळी करून दुपारी घरी आलो. जिना चढतोय, पण खडखड नाही. वर येऊन बघतो तर गाडा मधेच आडवा पडलेला आणि चिऊ त्याच्यापासून हातभर लांब, कशालाही न धरता उभी. पाय फाकलेले, पोट पुढे, दोन्ही हात कानाच्या वर. हुबेहूब पहिल्या आठवड्यातला कंडक्टर! ताईचा व्हिडिओ पुन्हा बघा, भाच्याचेही हात वरच असतील. नव्याने चालणाऱ्या मुलांचे असतातच, तोल सांभाळायला. पुढे जम बसला की आपोआप खाली येतात.

मी हाक मारली नाही. तोल सावरणाऱ्याला हाक मारायची नसते, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं, तिसरं, चौथं, आणि बदकन बसली. रडेल म्हणून मी पुढे झालो, तर ती स्वतःच्या पायांकडे बघून हसत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं एवढंच आहे. तेरा महिने तिला कुठे न्यायचं ते आम्ही ठरवलं, कडेवर घेऊन, बोट धरून, गाड्याला जुंपून. ती चार पावलं कुठे जायची, ते तिचं तिने ठरवलं. त्यात आमच्यापैकी कुणाचा हात नव्हता, आणि त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं की काय कोण जाणे, मी तर तिथेच डबा खाली ठेवून टाळ्या पिटत होतो.

ही तांदूळ धूत होती, ओल्या हातांनी धावत आली. व्हिडिओबिडिओ काही नाही. संध्याकाळी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. पहिली चार पावलं हुकली म्हणून ही माझ्यावर अजून रुसते, जसं काही मीच ती लपवून ठेवली.

पुढचे काही आठवडे नुसता धुडगूस. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१२ साली मोजलं होतं, चालायला शिकणारी मुलं तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, ते आकडा वाढवून सांगतील.

आता ती अडीच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी बसने राणीच्या बागेत नेली. जागा होती, पण बाईसाहेब बसायला तयार नाहीत. पाय फाकवून मधेच उभी, दांडी धरणार नाही. कंडक्टर ओळखीचा निघाला, म्हणाला, "हिची भरती करून टाक." मी मागून तिच्या फ्रॉकचं टोक चिमटीत धरून ठेवलं होतं, तिला कळणार नाही असं.