‘खान’ म्हणजे बघणं, दिसणं नव्हे

प्रश्न असा आहे: चिनीतलं ‘खान’ हे अक्षर डोळ्यावर धरलेल्या हातावरून आलंय हे खरं का, आणि त्याचा नेमका अर्थ काय?

हो, खरं आहे. वर तिरका हात, खाली डोळा. शू शन नावाच्या पंडिताने इ.स. 100 च्या सुमारास कोश केला त्यातही हीच फोड आहे. रोमनमधे के लिहितात पण उच्चार सरळ आपला ख.

मी चिनीच्या क्लासला होतो तेव्हा सरांना हेच विचारलेलं, की बघायला डोळा पुरे, हात कशाला? सर सगळ्यांसमोर म्हणाले, गोष्टी ऐकायला आलात का, पन्नास वेळा लिहा. लिहिलं. पण मला ते अजून लागतं, कारण उत्तर माझ्या घरातच होतं. आजीला मोतीबिंदू झालेला, आम्ही सुट्टीत यायचो त्या दिवशी ती भर उन्हात ओट्यावर उभी राहून कपाळाला तळहात आडवा लावून एसटीच्या रस्त्याकडे बघत राहायची, आणि कोणी विचारलं आले का, तर म्हणायची, “बघतेय रे, पण दिसत नाही.” आता हे वाक्य चिनीत घ्या. खान म्हणजे बघणं, ते आपण करतो. च्येन म्हणजे दिसणं, ते होतं किंवा होत नाही. ‘खान-च्येन’ म्हणजे बघितलं आणि दिसलं, आणि मधे नकाराचा ‘पू’ घातला, ‘खान-पू-च्येन’, की झालं आजीचं वाक्य. सरांनी दोन्हींपुढे ‘टु सी’ एवढंच लिहून दिलेलं! मराठी पोरांना चिनी मराठीतूनच शिकवावं, माझं ठाम मत आहे.

च्येन तर फार जुनं, चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या, शांग राजघराण्याच्या काळातल्या (तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या) हाडांवर कोरलेलं आहे, माणूस आणि त्याच्या डोक्याच्या जागी भलामोठा डोळा. 1950 च्या दशकात चीनच्या सरकारने अक्षरं सोपी केली त्यात त्याच्या डोळ्यातल्या आडव्या रेघा गेल्या, मला ते अजिबात पटलेलं नाही.

हां, पण सगळीच अक्षरं अशी चित्रं नसतात, बहुतेकांत एक भाग अर्थाचा नि एक उच्चाराचा असतो, त्यामुळे प्रत्येकात गोष्ट शोधू नका. खानमधे आहे. आणि चिनीत सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलला की अर्थ बदलतो; तेच अक्षर पहिल्या सुरात म्हटलं की अर्थ राखण करणं, मूल सांभाळणं, आपण नाही का म्हणत, जरा बाळाकडे बघ. हेही सरांनी सांगितलं नव्हतं.