मॅरेथॉन सोडतोयस? मग हे ऐक

पळणं सोडायचं असं एकदम ठरवू नकोस. ४२.१९५ किलोमीटर सोड, एवढंच. वर्षानुवर्षं पळालेलं शरीर अचानक थांबवलंस की दोन-तीन आठवड्यांतच दम कमी पडायला लागतो, भूक मात्र जुन्याच हिशोबानं लागते. पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार किंवा त्याहून जास्त कॅलरी जळायच्या. आता कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा अर्धाच उघडायचा. (बेळगावात राहून हे सांगणं सोपं नाही, माहीत आहे.)

किलोमीटर हळूहळू उतरव, दोन-तीन महिने घे. उठायची वेळ तीच ठेव. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला ये, ओळखीची माणसं भेटतील. खरा त्रास पायांचा नसतोच रे, रविवारी पहाटे करायचं काय हा असतो. त्यासाठी येळ्ळूरचा राजहंसगड चढ. वयानं स्नायू झडायला लागतात, तेव्हा चढणीवर मांड्या-पोटऱ्या शाबूत राहतात. पावसाळ्यात निसरड्यावर हिरोगिरी नको, घरीच उठाबशा काढ.

छातीत दुखतंय, चक्कर येतेय म्हणून थांबत असशील तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.

'शेवटची एक' म्हणून नाव मात्र नोंदवू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा नोंदवशील. त्यापेक्षा शर्यतीत तिसाव्या किलोमीटरजवळ पाणी वाटायला उभा राहा. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिथंच संपतो आणि नवी पोरं ढेपाळतात. केळी आणि मीठ-साखरेचं पाणीही ठेव.