वडिलांच्या जुन्या मराठी फाइल्स उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या परत वाचता येतील का, की डिलीट कराव्यात?

डिलीट अजिबात करू नका. वाचता येतात.

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी २००० च्या आसपास डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेलं लिखाण सीडीवर सापडलं, नव्या लॅपटॉपवर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच चौकोनी कंस, मध्येच अवतरणचिन्हं, आणि सगळ्यात वरच्या ओळीत एक शब्द आहे तो ई, जे, के, मग कॅपिटल बी, मग एच असा दिसतो. तो शब्द 'मराठी' आहे. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. तुमची फाइल कृतिदेव फॉन्टमधली आहे असं मी यावरून जवळजवळ खात्रीने सांगतो. तो चौकोनी कंस दिसतोय तोही कंस नाहीये, कृतिदेवमध्ये तो अर्धा ख असतो, त्याच्यापुढे के आला की पूर्ण ख होतो. म्हणजे फाइल बिघडलेली नाही, अक्षरं सगळी जागेवर आहेत, फक्त ती कुठल्या चित्रात दाखवायची हे तुमच्या लॅपटॉपला माहीत नाही कारण तो फॉन्ट त्यात नाहीये.

असं का झालं हे थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या चुका टळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या स्टँडर्डमध्ये, देवनागरी १९९१ पासून आहे आणि भारतीय लिप्यांसाठीचं आपल्याकडचं इस्की हे स्टँडर्डही त्याच वर्षीचं, पण त्या काळात डीटीपीच्या दुकानात यातलं काही पोचलेलं नव्हतं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, एक्सपीमध्येसुद्धा देवनागरीसाठी सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा पर्याय चालू करावा लागायचा आणि त्याला विंडोजची सीडी मागायचा, आणि दुकानदाराचं सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, ज्याला युनिकोड देवनागरी जमतच नव्हती. मग सोपा उपाय एकच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेला फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट, सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख, योगेश वगैरे, प्रत्येकाची जागा वेगळी. एका फॉन्टमधला क दुसऱ्यात भलतंच काहीतरी. छापून कागद हातात आला की काम संपलं, वीस वर्षांनी ही फाइल कोणी उघडेल हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार.

माझी केस सांगतो. आमचे अण्णा सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या जुन्या शेतीबद्दल लिहायला घेतलं, मोटेचं पाणी, बलुतेदार, खळ्यावरची मळणी, आणि २००१ ते २००३ मध्ये तालुक्याच्या गावी दोन वेगवेगळ्या दुकानांत ते टाइप करून घेतलं. पुस्तक निघालं नाही, छपाईचे पैसे जमले नाहीत. हाताने लिहिलेल्या वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. उरल्या त्या ११ फ्लॉप्या, २ सीड्या आणि पहिल्या ३० पानांचं एक प्रूफ, तेही मी पूर्वी पुण्याला आणून ठेवलं होतं म्हणून. तर गेल्या वर्षी पावसाळ्यात मी यात हात घातला आणि दिवाळी होऊन गेली तरी काम चालूच होतं, रोज ऑफिसवरून आल्यावर तास-दीड तास.

पहिलं काम, काहीही उघडायच्या आधी सीडीची आख्खी इमेज, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्याची एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढून घ्या. जुनी सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचत नाही आणि दुसऱ्यात वाचते असं खूपदा होतं, मी तीन ड्राइव्ह बदलले. लिनक्स असेल तर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम वापरा, तो आधी चांगला भाग वाचून घेतो आणि मग खराब जागांवर परत परत प्रयत्न करतो, आणि कुठवर आलाय याची नोंद ठेवतो त्यामुळे मध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतं. फ्लॉपी असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात, पण आत घालायच्या आधी कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. बुरशी दिसली तर तशीच आत घालू नका, ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच्यापायी जाते. आमची चौथी फ्लॉपी तशीच गेली आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग फॉन्टचं नाव शोधा. फाइल वर्डची असेल तर ती उघडून मजकूर सिलेक्ट करा, वर फॉन्टच्या खिडकीत जुनं नाव दिसतं, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी. पेजमेकरची असेल तर लिब्रेऑफिस या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइल्स बऱ्यापैकी उघडतात, मांडणी विस्कटते पण मजकूर मिळतो आणि आपल्याला मजकूरच हवाय. नाव कळलं की तो फॉन्ट मिळवून बसवा. ज्या क्षणी फॉन्ट बसला आणि त्या गिचमिडीच्या जागी अण्णांचं पहिलं वाक्य उमटलं तेव्हा मी बायकोला हाक मारून उठवलं होतं, रात्रीचे साडेबारा वाजले होते. तुमचंही तसंच होईल बघा.

लगेच त्या स्थितीत एक पीडीएफ करून ठेवा. पुढे काहीही चुकलं तरी वाचता येईल अशी प्रत हातात राहते.

इथे थांबलात तरी चालेल, पण पीडीएफमध्ये शोधता येत नाही, फोनवर मेसेजमध्ये मजकूर म्हणून टाकता येत नाही, कॉपी केलं की परत ई जे के. म्हणून युनिकोडमध्ये आणणं आलं, आणि खरा त्रास इथून सुरू होतो. मी सुरुवातीला दोन मोठ्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका. एक, मजकूर साधी टेक्स्ट फाइल म्हणून सेव्ह केला आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची, ते काय निवडलं ते बघितलंच नाही, तर १२७ च्या पुढच्या कोडवरची (कोड म्हणजे अक्षराचा क्रमांक) सगळी अक्षरं प्रश्नचिन्ह झाली. आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की ते कुठलं जोडाक्षर होतं हे त्या फाइलमधून परत काढता येत नाही, संपलं. मूळ इमेज होती म्हणून निभावलं. दोन, दुसऱ्या एका फाइलमध्ये चिकटवून ऑटोफॉरमॅट चालवला, त्याने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हं केली, आणि कृतिदेवमध्ये एकेरी सरळ चिन्ह म्हणजे अर्धा श, दुहेरी म्हणजे अर्धा ष. म्हणजे शाळा, शेत, शिवार, वर्ष सगळ्यांचं डोकं उडालं. तेव्हा हे असले आपोआप सुधारणारे पर्याय आधी बंद करा, मगच मजकुराला हात लावा.

नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, कृतिदेवसाठी तर भरपूर, तुमचं निम्मं काम त्यांनी होईल. पण त्यातले बरेचसे हिंदी समोर ठेवून केलेले आहेत आणि मराठीत ते कुठे पडतात ते सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने असतात, ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, व्यंजन आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे कन्व्हर्टरला ती वेलांटी उचलून पुढचं अख्खं जोडाक्षर ओलांडून ठेवावी लागते. रफाराचं उलटं, तो जुन्या फाइलमध्ये अक्षराच्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी यायला हवा. आता 'वार्षिक' शब्द घ्या, कृतिदेवमध्ये तो ओ, के, एफ, दुहेरी अवतरणचिन्ह, के, कॅपिटल झेड, डी असा आहे, म्हणजे एकाच ष वर वेलांटीही आणि रफारही. कन्व्हर्टर जरा कच्चा असला की त्याचं 'वाषर्िक' होतं. 'मािहती' असं लिहिलेलं जुन्या वेबसाइटवर दिसतं ना, ते याच आजाराचं.

दुसऱ्या दुकानातला फॉन्ट असा होता की त्याचा कन्व्हर्टरच मिळेना, मग मी स्वतः पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. यात मला सगळ्यात जास्त मजा आली. ३३ पासून २५५ पर्यंतचे सगळे कोड त्या फॉन्टमध्ये एका कागदावर छापले, जे नीट कळत नव्हते ते फॉन्टफोर्ज या फॉन्टच्या प्रोग्रॅममध्ये मोठे करून बघितले, आणि समोर मराठी अक्षर लिहून दोन रकान्यांचा तक्ता केला. बदलताना नेहमी लांब जोडी आधी घ्यायची, म्हणजे कृतिदेवचंच उदाहरण घेतलं तर कंस आणि के मिळून ख हे आधी, नुसता कंस आणि नुसता के नंतर, नाहीतर ख च्या जागी अर्धा ख आणि बाजूला एकटा काना राहतो. तक्ता दोन दिवसांत झाला, वेलांटी आणि रफाराचे दहा-बारा ओळींचे नियम बसवायला मात्र दोन आठवडे गेले, एक शब्द सुधारला की दुसरा मोडायचा.

आता खास मराठीचं दुखणं, ऱ्य. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूला, आणि कन्व्हर्टर दोन्हीचं सरसकट रफारवालं रूप करून मोकळा होतो. शेतकऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तकात पानोपानी 'शेतकर्यांना' आलं तर कसं वाटेल सांगा. शिवाय युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हेने लिहिता येतं, एक खाली टिंब असलेला ऱ घेऊन आणि दुसरं साध्या र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून, डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. मी शोधायला गेलो तर अर्धेच शेतकरी सापडत होते आणि बाकीचे कुठे गेले म्हणून तासभर डोकं खाजवत बसलो. ॲ चंही तसंच, तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याच्या आधीचे कन्व्हर्टर अ वर चंद्र ठेवतात. शेवटी एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच करून टाका.

चुका पकडायची एक युक्ती मला खूप उपयोगी पडली. जुना फॉन्ट बसवून केलेली पीडीएफ आहे ना, तिची चित्रं करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅममधून मराठी ओसीआर काढा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. मजकूर छापल्यासारखा स्वच्छ असल्यामुळे ओसीआर चांगलं येतं. मग एका बाजूला कन्व्हर्टरचा मजकूर, दुसऱ्या बाजूला ओसीआरचा, आणि डिफ, म्हणजे दोन मजकुरांतला फरक दाखवणारा प्रोग्रॅम, लावून फक्त जिथे फरक आहे तेवढंच बघायचं. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या असतात, कन्व्हर्टर रफारात चुकतो आणि ओसीआर अनोळखी शब्दात, त्यामुळे दोघं एकाच जागी चुकले असं फार कमी वेळा झालं. रोज सात-आठ पानं सहज व्हायची.

पण अनोळखी शब्दांना मशीनवर सोडू नका. अण्णांच्या मजकुरात मोटेच्या प्रकरणात 'सोंदूर' आहे, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारका दोर, जाड दोराला नाडा म्हणतात. ओसीआरने त्याचं 'शेंदूर' केलं आणि खरं सांगतो, मलाही आधी शेंदूरच बरोबर वाटला, पूजेचं काहीतरी असेल म्हणून. अण्णांना फोनवर वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "अरे शेंदूर कशाला लावतील दोराला, सोंदूर आहे तो." आणि मग पाऊण तास मोट कशी चालायची ते सांगत राहिले, धावेवरून बैल मागे कसे येतात, पाणी थारोळ्यात पडताना आवाज कसा येतो. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरण त्यांना रविवारी वाचून दाखवतो आणि मगच त्या फाइलवर 'पक्की' असं लिहितो. तुमचे वडील असतील तर त्यांच्याबरोबर वाचा, नसतील तर गावातलं त्यांच्या वयाचं कोणीतरी गाठा, कन्व्हर्टर आणि ओसीआर मिळूनसुद्धा हे काम करू शकत नाहीत.

चौथ्या फ्लॉपीतली खळ्यावरची अडीच पानं गेली ती गेलीच. ती आता अण्णा आठवून सांगतात आणि मी ऐकत ऐकत टाइप करतो, तिवड्याला, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाला, बैल कसे जुंपायचे इथपर्यंत आलोय.

तुमच्या फाइलचं पहिलं पान जसंच्या तसं, एकही चिन्ह न बदलता प्रश्नात जोडा, आणि फॉन्टच्या खिडकीत जे नाव दिसतंय तेही लिहा. कृतिदेवचा मराठीसाठी दुरुस्त केलेला तक्ता माझ्याकडे आहे, ऱ्य आणि ॲ धरून, तो चालवून बघतो आणि काय निघतं ते इथेच टाकतो.